लेड बॅग आठ महिने वापरली, आता सांगतो

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी मी कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी लेड बॅग, म्हणजे एअरपोर्टच्या एक्स-रेपासून रोल वाचवायची शिशाची पिशवी, मागवली, ऑनलाइन, अडीच हजाराच्या आसपास पडली, आणि तेव्हापासून ती माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये आहे ती आहेच. मुंबई झाली, दिल्ली झाली, फेब्रुवारीत इंग्लंडला बहिणीकडे जाऊन आलो, मधे दिवाळीत रेल्वेनं पुणं झालं. घेतली तेव्हा इथल्या चार-पाच फिल्मवाल्या दोस्तांनी विचारलं होतं की खरंच कामाची आहे का, मी म्हटलं थांबा, वापरून सांगतो. डिसेंबरात सांगितलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. बरं झालं तेव्हा नाही सांगितलं.

घ्यायचं कारण आधी सांगतो, कारण त्याच्याशिवाय मी एवढा जीव का लावून राहिलो ते कळणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी आपल्या नागपूरच्या मारबतीचे, म्हणजे ईडा-पीडा घालवायला मिरवणुकीत काढतात त्या मोठ्या पुतळ्यांचे, चार रोल काढले होते, ब्लॅक अँड व्हाइट. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात ना, ती जागा पकडायला सकाळपासून एका दुकानाच्या ओट्यावर उभा होतो, खाली नुसती डोकीच डोकी, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" चालू, आणि दोन्ही मारबती एका फ्रेममध्ये आल्या. दोनदा शटर दाबलं, पुढचा रोल भरेपर्यंत त्या सरकल्या. तीनच दिवसांनी कामासाठी मुंबईला जायचं होतं, आणि सात किलोच्या वर हँड बॅग चालत नाही म्हणून मी ते चारही रोल चेक-इन बॅगेत टाकले, कपड्यात नीट गुंडाळून, वाटलं गादीत ठेवल्यासारखे राहतील. घरी येऊन डेव्हलप केले तर प्रत्येक रोलवर आडवा पट्टा, सरळ नाही, लाटेसारखा वरखाली होत जाणारा, फ्रेम संपली तरी पुढच्या फ्रेममध्ये चालूच. काळ्या मारबतीच्या तोंडावरून तो पट्टा गेलेला आहे. मी ती निगेटिव्ह अजून टाकली नाही.

इथेच महाल भागात एक स्टुडिओवाले काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे, आता फक्त पासपोर्ट फोटो काढतात पण फिल्मबद्दल त्यांना विचारावं. त्यांनी ती पट्टी खिडकीकडे धरली आणि एका नजरेत म्हणाले, "हे चेक-इनचं मशीन आहे बाबा. रोल गुंडाळलेला असतो, एक्स-रे एका बाजूनं आरपार जातो, म्हणून उलगडल्यावर लाट दिसते." मी म्हटलं काका, पण डबी तर काळी होती, बंद होती. तर म्हणाले, "काळ्या डबीनं उजेड अडतो रे, एक्स-रे काहून अडेल?" आणि हे तर शोध लागल्यापासूनचं आहे. रोंटगेनला १८९५ मध्ये एक्स-रे सापडले आणि त्यानं बायकोच्या हाताचा अंगठीसकट फोटो काढला तो फोटोच्या प्लेटवरच, आणि १८९६ मध्ये बेकरेलनं काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेटवर युरेनियमचा क्षार ठेवला तर कागद न उघडताच प्लेट काळी पडली. म्हणजे फिल्मला असली किरणं दिसतातच, त्यावरच तर हे सगळं कळलं. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात, त्यांना उजेड आणि एक्स-रे यात फरक कळत नाही, दोन्हीनं ते जागे होतात आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या केमिकलमध्ये, काळे पडतात. यालाच आपण फॉग म्हणतो. फास्ट फिल्म, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, रोलवर ४००, ८०० असा मोठा आकडा असलेली, असेल तर जास्त, आणि एकदा बसलेला फॉग निघत नाही, प्रत्येक मशीनचा आधीच्यावर चढत जातो.

तर पिशवी आली. बाहेरून राखाडी कापड, आत रबरासारखा गुळगुळीत थर, मधे शिशाचा पत्रा, वरचा फ्लॅप दुमडून वेल्क्रो लावायचं. डब्या काढून नुसत्या कॅसेट (फिल्म गुंडाळलेली नळकांडी) ठेवल्या तर बारा आरामात मावतात. हातात घेतली की पहिली गोष्ट कळते ती वजन, आणि तेच सात किलोचं गणित परत आडवं येतं, मी दोनदा त्यापायी एक लेन्स घरी ठेवून गेलो. काकांनी पाहून सांगितलं की त्यांच्या काळात लग्नाच्या ऑर्डरला बाहेरगावी जाताना अशाच पिशव्या असायच्या.

मला नुसतं वाटतं-वाटतं यावर थांबायचं नव्हतं म्हणून मी घरीच एक टेस्ट लावली. माझ्याकडे एचपी-फाइव्ह या ४०० च्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा १०० फुटी बल्क रोल होता, त्यातून बारा-बारा फ्रेमचे चार छोटे रोल भरले, म्हणजे इमल्शन (फिल्मवरचा चांदीच्या कणांचा थर) चौघांचं एकच. चारही रोलवर एकाच दुपारी ग्रे कार्डचे (साधा राखाडी पुठ्ठा) तेच फोटो, बरोबर एक्स्पोजर, मग एकेक स्टॉप कमी करत, म्हणजे दर वेळी उजेड निम्मा करत, चार स्टॉपपर्यंत खाली, आणि शेवटच्या तीन फ्रेम लेन्सला टोपी लावून कोऱ्या. एक रोल घरी फ्रिजमध्ये (आईनं लिंबाच्या लोणच्यामागे जागा दिली), एक लेड बॅगेत, एक तसाच उघडा सॅकमध्ये, आणि चौथा पारदर्शक झिपलॉकमध्ये, जो मी प्रत्येक ठिकाणी हातानं तपासून घ्यायचा. मुंबई जाऊन-येऊन, दिल्ली जाऊन-येऊन. दिल्लीत लग्न होतं आणि चार दिवस मेट्रोनंच फिरलो, तिथे प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रेतून जाते हे लोक विसरतात, एअरपोर्टचे चार आणि मेट्रोचे सहा असे दहा फेरे झाले. मेट्रोत मागे एवढी रांग असते की तिथे हातानं तपासा म्हणायला जागाच नसते, तिथे चौथा रोल मी जॅकेटच्या खिशात ठेवून ट्रेमध्ये काढून दाखवला.

जानेवारीत डेव्हलप केले, मुद्दाम तेव्हाच, कारण नागपुरात नळाचं पाणी २० डिग्रीच्या जवळ असतं ते त्याच दिवसांत, उन्हाळ्यात बर्फ टाकत बसावं लागतं आणि मग टेस्टला अर्थ राहत नाही. चारही एका टाकीत बसत नाहीत म्हणून दोन-दोन करून, डी-७६ डेव्हलपर आणि पाणी एकास एक, ११ मिनिटं, दोन्ही वेळा ताजं केमिकल. वाळल्यावर मोबाइलवर पांढरी स्क्रीन लावून चारही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. काय पाहायचं तर काठाची छिद्रं असतात ना, त्या दोन छिद्रांच्या मधली जागा. तिथे कॅमेऱ्याचा उजेड कधी पोचत नाही, म्हणजे तिथे जो राखाडीपणा आहे तो फिल्मचा स्वतःचा किंवा मग मशीनचा. एचपी-फाइव्ह मुळातच थोडी राखाडी असते, एकटी पाहिली तर काही कळत नाही, शेजारी ठेवली की कळतं. फ्रिजवाली आणि हातानं तपासलेली, दोघी सारख्या. उघडी गेलेली त्यांच्याहून मळकट, आणि तिच्यातला चार स्टॉप कमीचा फोटो जवळजवळ फॉगमध्ये बुडून गेलेला, कडाच दिसत नव्हती. लेड बॅगवाली फ्रिजवालीच्या अगदी जवळ, जरा बारकाईनं पाहिलं तरच फरक. म्हणजे साध्या मशीनला, जिथे बॅग सपाट पट्ट्यावर जाते आणि वरून किंवा बाजूनं चित्र निघतं, तिथे पिशवीनं तिचं काम केलं. मी जाम खुश झालो तेव्हा.

पण त्याच प्रवासात एक गोष्ट झाली होती, तिचं महत्त्व मला नंतर कळलं. शिसं स्क्रीनवर काळा ठोकळा दिसतो, आत काय आहे ते माणसाला दिसतच नाही. तो बिचारा काय करणार, पट्टा मागे घेतो, परत सोडतो. एका ठिकाणी माझी सॅक तीनदा आतबाहेर झाली आणि मग पिशवी उघडून रोल बाहेर काढले आणि नुसते रोल परत मशीनमध्ये टाकले. म्हणजे एका फेऱ्याचे चार झाले आणि चौथा बिना पिशवीचा. त्यांचं चूक नाही, अपारदर्शक वस्तू सोडायची नाही हे त्यांचं कामच आहे. पण विचार करा, पिशवी नसती तर एकदाच गेले असते.

उलट झिपलॉकवाल्या रोलला मला नागपुरात सोनेगाव एअरपोर्टला एकदाही नाही म्हटलं नाही. मी सकाळच्या फ्लाइटला जातो, रांग कमी असते, ट्रे ठेवायच्या आधीच हातात पारदर्शक पाकीट धरून सांगतो, "सर, फोटोग्राफी की फिल्म है, एक्स-रे से खराब हो जाती है, हाथ से चेक कर दीजिए." सगळे रोल डब्यांमधून काढलेले, नुसत्या कॅसेट, म्हणजे त्यांना पंधरा डब्या उघडत बसावं लागत नाही. एका तरुण जवानानं पहिल्यांदाच रोल पाहिला होता, फिरवून फिरवून पाहत होता, त्यानं साहेबांना विचारलं, साहेबांनी कापडाच्या पट्टीनं पुसून मशीनला लावून पाहिलं, झालं. दोन मिनिटं. मी सोबत एक जुनी खराब झालेली कॅसेट ठेवतो, जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, बाहेर काढलेली, कोणाला कळत नसलं की ती ओढून दाखवतो की हे असं असतं आत. शब्दांपेक्षा ते लवकर पटतं. आणि ज्या दारातून आपण चालत जातो ते मेटल डिटेक्टर, त्यात एक्स-रे नसतो, खिशात रोल राहिला तर वाजेल फक्त, फिल्मला काही होत नाही. डेव्हलप झालेल्या निगेटिव्हलाही काही होत नाही, मेमरी कार्डलाही नाही, हे दोन प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो.

आता इंग्लंड. नागपूरहून दोहा आणि तिथून पुढे. जाताना तर सगळे रोल हातानं तपासून घेतले. येताना ज्या एअरपोर्टवरून निघालो (नाव नाही घेत, दिवस गर्दीचा होता) तिथे मशीन वेगळंच, मोठं, पांढरं, गोल बोगद्यासारखं तोंड, आणि लोकांना लॅपटॉप बाहेर काढायला सांगत नव्हते. लॅपटॉप आतच राहू द्या म्हटलं की समजून घ्या की हे सीटी स्कॅनर आहे, हॉस्पिटलात असतं त्याच तत्त्वावरचं, एक्स-रेची ट्यूब बॅगेभोवती फिरते आणि सगळ्या बाजूंनी चित्रं घेऊन ३डी बनवते. इंग्लंडमध्ये सरकारनं एअरपोर्टना ही मशीनं बसवायला जून २०२४ ची मुदत दिली होती, सगळ्यांची वेळेत झाली नाहीत पण बऱ्याच ठिकाणी आली आहेत. आपल्याकडच्या मोठ्या एअरपोर्टवरही ती बसवायचं ठरलेलं आहे. मी हातानं तपासा म्हटलं. तिथल्या माणसानं रोलवरचा आकडा पाहिला, ४०० लिहिलेलं, म्हणाला ८०० च्या खालचं चालतं, टाका. मी म्हटलं हे सीटी आहे, कोडॅकनं स्वतः सांगितलंय की सीटीतून एकदा गेली तरी फिल्म खराब होते. तो चांगल्या शब्दात बोलला पण ऐकलं नाही, मागे दीडशे माणसं. ८०० चा तो नियम जुन्या मशीनच्या वेळचा आहे, साध्या एक्स-रेला तो ठीक होता, लोक तोच धरून बसलेत. शेवटी मी पाचही रोल लेड बॅगेत टाकले, देवाचं नाव घेतलं आणि सोडले. काळा ठोकळा दिसला, परत एकदा सोडले.

त्या पाचात तीन पोर्ट्रा ४०० (कोडॅकची कलर फिल्म) होते, भाच्याचं बारसं. एक एचपी-फाइव्ह, आणि एक मी टेस्टसाठी नेलेला छोटा रोल तसाच ग्रे कार्डचा, त्याचा जोडीदार फ्रिजमध्ये. आधी टेस्टवाला केला. छिद्रांमधली जागा स्पष्ट राखाडी, आता शेजारी ठेवायचीही गरज नाही, आणि सगळीकडे सारखी पण नाही, एका बाजूनं जास्त गडद पट्टा. तो पट्टा कुठून आला म्हणून पिशवी उलटी करून आत बोट फिरवलं, तर फ्लॅप जिथे रोज दुमडतो त्या घडीवर आतला थर तडकलेला, आणि तड्यात बोटाला शिशाची धार लागत होती. आठ महिन्यांत रोज तीच घडी. पोर्ट्राचे स्कॅन आले, बारसं आहे, चेहरे ओळखू येतात, पण पाळण्याखालची सावली काळी नाही, मळकट, दाणेदार, जणू कोणी वर पातळ दूध सांडलंय. बहिणीला पाठवले, तिला आवडले. मला ती सावली दिसत राहते.

म्हणून आता घ्यायची का नाही याचं माझं उत्तर सरळ आहे. फक्त देशात, साध्या मशीनमधून, रेल्वे स्टेशन, मेट्रो, मॉल, जिथे कोणी पिशवी उघडायला सांगत नाही, तिथे ती उपयोगाची आहे आणि मी वापरून राहिलो. ४०० किंवा त्याखालची फिल्म असेल आणि वर्षातून दोनदा विमानात बसत असाल तर त्या पैशात कलर रोल येतात, ते घ्या. सीटी मशीनपुढे तिच्यावर भरवसा ठेवू नका. आणि चेक-इन बॅगेत तर लेड बॅग घालून सुद्धा फिल्म टाकायची नाही, ते मशीन जास्त जोराचं असतं आणि तिथे तुम्ही सांगायलाही उभे नसता. पुश करणार असाल, म्हणजे ४०० ची १६०० वर काढून जास्त वेळ डेव्हलप करणार असाल, तर ती १६०० चीच समजा, कारण डेव्हलपरमध्ये फोटोबरोबर फॉगही वाढतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर रात्रीचे जे रोल काढले ते मी याच कारणानं नागपूरबाहेर नेलेच नाहीत, घरीच केले. इन्स्टॅक्स (लगेच प्रिंट बाहेर देणारा कॅमेरा) वापरणाऱ्यांना पण सांगून ठेवतो, ती फिल्म ८०० ची आहे, लग्नाला जाताना पाकिटं सुटकेसमध्ये भरू नका.

कॅमेऱ्यात अर्धा रोल असताना एअरपोर्टला जाऊ नका हे मी एकदा घाम फुटून शिकलो. कॅमेरा हातानं तपासायचा तर मागचं झाकण उघडून दाखवा म्हणाले, आत २२ फोटो. मी विनंती केली, एक मिनिट द्या, तिथेच बाजूला उभं राहून रोल रिवाइंड केला, क्रँकचा ताण ढिला पडला त्या क्षणी थांबलो म्हणजे जीभ बाहेर राहिली, कॅसेटवर पेननं २२ लिहिलं. घरी येऊन तोच रोल परत भरला, लेन्सला टोपी, सगळ्यात फास्ट शटर, २४ पर्यंत कोरे शटर मारले आणि पुढे वापरला. एकही फ्रेम दुसऱ्यावर चढली नाही.

पिशवीच्या बाकीच्या तक्रारी म्हणजे वेल्क्रो चौथ्या महिन्यातच केसाळ झाला, आणि ती तापते. ती एक्स-रेसाठी आहे, उन्हासाठी नाही, आपल्याकडे मे महिन्यात उभ्या कारमध्ये ठेवली तर आत भट्टी. फ्रिजमधून काढलेले थंड रोल लगेच तिच्यात बंद करूनही ठेवू नका, घाम धरतात, मी डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर ठेवतो आणि मगच भरतो. घडीवर तडकल्यावर मी आतून जाड टेप लावली आहे, आणि हात लावला की साबणानं धुतो, शिसं विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर ती पिशवी खेळायला हातात पडू देऊ नका.

लॅबला रोल पाठवणाऱ्यांसाठी एक राहिलं. कलर मी मुंबईला पाठवतो आणि कुरिअर विमानानं गेलं तर पार्सलही मशीनमधून जातं, तिथे तर विचारायला कोणी नाही. म्हणून मी रस्त्यानं जाणारंच घेतो, दोन-तीन दिवस जास्त लागतात, काउंटरवर बसलेल्या भाऊला स्पष्ट विचारतो की हे ट्रकनं जाईल ना, पावतीवर तसं लिहून घेतो. पार्सलवर मोठ्या अक्षरात "कच्ची फिल्म, एक्स-रे करू नये" लिहितो, पण विश्वास पावतीवर.

मागच्या पोळ्याला परत त्याच ओट्यावर उभा होतो. या वेळी दोन्ही मारबती एका फ्रेममध्ये, तीनदा. ते रोल त्याच संध्याकाळी न्हाणीघरात डेव्हलप केले, सकाळपर्यंत दोरीवर वाळत होते. त्यातली एक प्रिंट महालात काकांच्या काउंटरमागे लागली आहे.